गुलाबी कडेची स्लाइड

बाईंनी प्रयोगशाळेची किल्ली रंजनाला दिली, मला दिली नाही. या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. मधल्या काळात मी दोन नोकऱ्या सोडल्या, तीन मोर्चांत लाठ्या खाल्ल्या आणि पुष्कळ लोकांना माफ करून टाकलं. तरी बाईंची आठवण काढायला बसले की आधी ती किल्लीच आठवते. पितळेची, दोऱ्यात ओवलेली, रंजनाच्या गळ्यात. बाईंविषयी प्रेमाने लिहिणारे पुष्कळ निघतील. मी हेव्याने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

बाई झूलॉजी शिकवायच्या. नाशिकमधल्या आमच्या कॉलेजात त्यांना वीसेक वर्षं झाली होती आणि मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टरही त्याच होत्या. वय पन्नाशीच्या पुढे. लग्न केलेलं नाही. उंची अशी की फळ्याच्या वरच्या कडेला सहज हात पोचावा. वरच्या ओठावर लव होती आणि ती काढण्याच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. मनगटावर पुरुषी घड्याळ, नखं बोटाच्या बरोबरीने कापलेली. बाजारात जायला निघाल्या की लुनावर बसायच्या आणि डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट चढवायच्या. तेव्हा नाशकात हेल्मेट घालून कोणी फिरत नसे. कॉलेजच्या फाटकाशी टपरीवर बसलेली पोरं ओरडायची, "ओ फोरमन!" बाई हात वर करून म्हणायच्या, "काय रे, शिफ्ट सुटली का?"

सगळे प्राध्यापक 'सर' आणि 'मॅडम' होते. या एकट्याच 'बाई'. कुणी नवख्याने मॅडम म्हटलं तर म्हणायच्या, "मॅडम म्हटलंस की मला फ्रॉक घातल्यासारखं वाटतं. बाई म्हण."

त्यांच्या टेबलावर काचेच्या बरणीत दोन गोगलगायी असायच्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाई आधी एक प्रश्न विचारायच्या, "यातला नवरा कोणता?" मग पुढचं बोलणं. विद्यापीठाकडून तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. साहेबांनी चष्मा सावरला आणि जरा मोठ्या दिसणाऱ्या गोगलगाईकडे बोट दाखवलं.

"चूक," बाई म्हणाल्या. "दोघंही नवरा आणि दोघंही बायको. संसार बघा कसा शांत चाललाय."

साहेबांनी चहा अर्धा ठेवला.

प्रजननाचा धडा शिकवण्याची आमच्या कॉलेजात एक ठरलेली पद्धत होती, ती म्हणजे न शिकवणे. अकरावीच्या सरांनी सांगितलं, "हा भाग सोपा आहे, घरी वाचून घ्या." पहिल्या वर्षाच्या मॅडमनी मुलांना वर्गाबाहेर पाठवलं आणि आम्हा मुलींना ती आकृती फळ्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून समजावली. बाई मात्र वर्षाची सुरुवातच तिथून करायच्या. पहिल्या तासाला फळ्यावर डावीकडे पुरुषाची आणि उजवीकडे बाईची जननेंद्रियं काढायच्या, पुस्तकात न बघता. मग खडू खाली ठेवायच्या, मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हसा. दोन मिनिटं देते. ज्याला हसायचंय त्याने आत्ता हसून घ्यावं. नंतर वर्षभर मिळणार नाही."

हुकमाने हसू येत नाही. मागच्या बाकावर दोघं-तिघं खिदळायचे, तेही अर्ध्या मिनिटात वाळायचे. बाई पूर्ण दोन मिनिटं वाट बघत उभ्या. "अजून पन्नास सेकंद आहेत. नको? बरं, मग नावं लिहून घ्या." आणि त्या एकेका अवयवाचं नाव मोठ्याने उच्चारायच्या, आम्हाला उच्चारायला लावायच्या, पाढे म्हणावेत तसे. बाहेरून जाणारा शिपाई आपलं दार लावून घ्यायचा.

ही बाई मला हवी होती. दुसरा शब्द नाही त्याला. माझे वडील सातपूरच्या कारखान्यात होते आणि युनियनचं काम करायचे. आमच्या घरात खाटेखाली, कपाटावर, दिवाणाच्या पोटात पत्रकंच पत्रकं असायची. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. 'जाहीर निषेध' हे मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायचं. अशा घरात वाढलेल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस भेटलं, जे पत्रक न काढताच सगळं करत होतं. मला वाटलं, मी या बाईंची वारस. वर्गात दुसरं आहे कोण?

मी जीव तोडून त्यांच्या नजरेत भरायचा प्रयत्न केला. 'विज्ञानाच्या वर्गातली पुरुषशाही' नावाचं पत्रक लिहिलं, वडिलांच्या ओळखीच्या छापखान्यातून छापून आणलं आणि पहिली प्रत बाईंना दिली. आठवड्याने बघितलं, तर ते बेडकाच्या ट्रेखाली अंथरलेलं होतं.

"बाई, हे..."

"शाई चांगली आहे हं," बाई म्हणाल्या. "ओली झाली तरी पसरली नाही. कुठे छापलंस?"

दुसऱ्यांदा मी मुलामुलींच्या वेगळ्या बाकांचा प्रश्न काढला. मला वाटलं होतं, बाई टाळी देतील. त्या म्हणाल्या, "पोरींना वेगळं बसल्यावर पाय मोकळे करून बसता येतं. तुला तिकडे बसायचंय तर बस की. कोणी अडवलंय?" मी महिनाभर मुलांच्या बाकावर बसले. ज्या बाकावर मी बसे, तो बाक रिकामा होई. शेवटी तीन मुलं एका बाकावर कोंबून बसलेली आणि मी एका बाकाची एकटी मालकीण, असं चित्र झालं. बाईंनी त्यावर एक शब्द काढला नाही. मला तोही अपमान वाटला.

आणि त्याच वर्षी, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, त्यांनी किल्ली रंजनाला दिली.

रंजना निफाडकडची. घरी द्राक्षाच्या बागा, माणसं भरपूर, खाऊनपिऊन सुखी. हॉस्टेलला राहायची. वर्गात कधी प्रश्न विचारायची नाही. बोललीच तर "नाय ओ बाई", "व्हय ओ बाई", एवढंच. उंच, सडपातळ, केसांची जाड वेणी, नितळ चेहरा. आम्हा बाकीच्या मुलींच्या गालांवर पुटकुळ्या, हिच्या गालावर एक डाग नाही. नखांना कायम गुलाबी पॉलिश. शेतकऱ्याच्या पोरीला एवढं काय नटायचं, असं मी मनात म्हणायचे. हे माझं पुरोगामित्व.

बाई तिला घेऊन दर महिन्याला कुठेतरी जायच्या. एकदा तर दोघी मुंबईला जाऊन आल्या. संध्याकाळी बाईंच्या क्वार्टरमध्ये ती अभ्यास करायची. बाई स्वतः लुनावरून निफाडला तिच्या घरी जाऊन आल्या, तेही ते हेल्मेट घालून. आमच्या घरी, इंदिरानगरला, त्या कधीही आल्या नाहीत. लुनाने पंधरा मिनिटांवर आहे आमचं घर. आई दोनदा म्हणाली, तुझ्या त्या बाईंना जेवायला बोलाव. मी बोलावलं. बाई म्हणाल्या, "येईन गं कधीतरी." वडील हसून म्हणाले, "तुमच्या बाईंना बैठकीला बोलवायला हवं, जेवायला नको." मला हसू आलं नाही.

डिसेंबरात तो प्रयोग होता. गालाच्या आतून लाकडी काडीने थोड्या पेशी खरवडून काढायच्या, काचेच्या पट्टीवर पसरायच्या, त्यावर व्हिनेगरसारखा वास येणारा लाल रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बाईच्या पेशीत एक्स ही गुणसूत्रं दोन असतात. त्यातलं एक आक्रसून केंद्रकाच्या कडेला ठिपक्यासारखं बसतं. पुरुषाच्या पेशीत एक्स एकच, म्हणून ठिपका नाही. एवढाच प्रयोग. काड्यांसाठी बाई आम्हाला वर्षभर आइस्क्रीमच्या काड्या जमवायला लावायच्या आणि त्या पातेल्यात उकळून घ्यायच्या.

पण बाईंची या प्रयोगात एक रीत होती. कुठल्याही स्लाइडवर नाव घालायचं नाही, नंबर घालायचा नाही. काचेच्या कडा नेलपॉलिशने बंद करायच्या आणि सगळ्यांनी आपापली स्लाइड एका ट्रेत ठेवायची. मग बाई त्या पत्त्यांसारख्या पिसायच्या आणि प्रत्येकाला एक द्यायच्या. कुणाची ते विचारायचं नाही. शंभर पेशी मोजायच्या, किती ठिपके दिसले ते वहीत लिहायचं, स्लाइड परत.

मला ही रीत पटली नव्हती. मी आदल्या दिवशी वाद घातला.

"बाई, तुम्हीच सांगता लाजायचं नाही. मग नाव लपवायचं कशाला? मी माझं नाव लिहिते."

"तुझं तू लिही," बाई म्हणाल्या. "पण तू लिहिलंस की बाकीच्यांच्या कोऱ्या काचा लपवलेल्या दिसायला लागतील."

"दिसू देत. भित्र्या आहेत म्हणून."

"तुला भीती म्हणजे काय ते माहीत नाही," एवढंच बाई म्हणाल्या आणि काड्यांचं पातेलं उतरवायला गेल्या. मला वाटलं, शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अठरा जण टेबलांभोवती उभे होतो. पिसलेल्यातली एक स्लाइड माझ्याकडे आली. सगळ्यांच्या स्लाइडच्या कडा बिनरंगी पॉलिशच्या होत्या. बाईंनी आणलेली एकच बाटली सगळे वापरत होते. माझ्या हातातल्या स्लाइडची कड मात्र गुलाबी होती. बाटली शेवटी संपली असणार आणि कुणीतरी आपली काढली असणार. वर्गात गुलाबी पॉलिश एकीच्याच नखांवर होतं.

मी शंभर पेशी मोजल्या. पुन्हा शंभर मोजल्या. एकही ठिपका नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं, ते आज लिहायला जड जातं. मला आनंद झाला. बाईंच्या लाडकीला साधं स्टेनिंग येत नाही! जिच्या गळ्यात किल्ली आहे, तिला पेशी रंगवता येत नाही! हे बाईंना कळायला हवं, सगळ्यांसमोर, आत्ता.

"बाई," मी मोठ्याने म्हणाले, "ही रंजनाची स्लाइड आहे. दोनशे पेशी मोजल्या, एकीतही ठिपका नाही. एक तर हिला स्टेनिंग येत नाही, नाहीतर हिला मुलांच्या बाकावर बसवा."

वर्ग फुटला. मुलं टेबलं बडवून हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "ये रे भाऊ रंजन, इकडे ये!" रंजना बेसिनपाशी काचपट्ट्या धूत होती. तिने वळून पाहिलं नाही. नळ चालू होता आणि तिचे हात पाण्याखाली तसेच होते, हलत नव्हते.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. मला हाताने बाजूला केलं, वाकून सूक्ष्मदर्शकात बघितलं. बराच वेळ बघितलं. स्लाइड सरकवत सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हसणं कमी होत गेलं. मग त्या ताठ झाल्या.

"ही माझी आहे," बाई म्हणाल्या.

कुणाला कळलं नाही.

"तुमच्यात मीही एक घातली होती. पॉलिश संपलं, म्हणून रंजनाचं घेतलं." आणि माझ्याकडे वळून, "मोजणी बरोबर आहे. पूर्ण मार्क."

एक मुलगा न राहवून म्हणाला, "पण बाई, म्हणजे तुम्ही..." आणि थांबला.

बाईंनी घड्याळ सोडलं, टेबलावर ठेवलं. "हसा," म्हणाल्या. "दोन मिनिटं देते."

कुणी हसलं नाही. पूर्ण दोन मिनिटं फक्त नळ वाहत होता.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, एवढं! लाडकीचं बिघडलेलं स्टेनिंग झाकायला एवढं! बाई खोटं बोलल्या, तेही विज्ञानाच्या प्रयोगात, तेही तिच्यासाठी. माझ्या पत्रकावर बेडूक आणि हिच्यासाठी हे. मी घरी जाऊन जेवले नाही.

वर्गात जे हसू आलं नाही, ते बाहेर आलं. चार दिवसांत पिवळ्या हेल्मेटच्या जुन्या विनोदाला नवे दात फुटले. हॉस्टेलच्या भिंतीवर कोळशाने काय काय लिहिलं गेलं. टपरीवरची पोरं "ओ फोरमन" म्हणायची, ती आता "ओ काका" म्हणायला लागली. बाई हात वर करायच्या, पण शिफ्टचं विचारायच्या नाहीत. मग सिन्नरहून एक पालक आले, मालेगावहून एक आले. आमच्या मुली ज्यांच्या ताब्यात आहेत, ते नक्की कोण आहे, असं त्यांनी प्राचार्यांना विचारलं. संस्थेने तीन जणांची समिती नेमली. समितीने बाईंकडे मागणी केली, सरकारी दवाखान्यातून आपण स्त्री असल्याचं सर्टिफिकेट आणा.

बाई म्हणाल्या, "प्राचार्यांनी त्यांचं आणलं, की मी माझं आणते."

आता मी पेटले. राग रंजनावर होता, पण हा अन्याय तर बाईंवर चालला होता आणि अन्याय म्हटला की आमच्या घराण्यात हात आपोआप कागदाकडे जातो. मी पत्रक लिहिलं. मथळा, 'स्त्रीत्वाचा दाखला मागणाऱ्यांनो, लाज बाळगा!' आजवर लिहिलेल्यांत सगळ्यांत चांगलं. आणि त्यात एक परिच्छेद असा होता की ती स्लाइड बाईंची नव्हतीच. एका विद्यार्थिनीच्या हातून रंग नीट बसला नाही, तिला सांभाळून घ्यायला बाईंनी चूक स्वतःवर घेतली. नाव घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती, मी ते वर्गात आधीच ओरडून सांगितलेलं होतं.

छापण्याआधी मी कच्ची प्रत घेऊन बाईंच्या क्वार्टरवर गेले. बाई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या.

"बस. जुडी घे."

मी जुडी घेतली. बाईंनी हात पुसले आणि पत्रक वाचलं. सावकाश, सगळं.

"चांगलंय," म्हणाल्या. "हा एक परिच्छेद काढ."

"तोच तर मुद्दा आहे! बाई, ते खरं आहे."

"ते तुझं नाही."

"म्हणजे काय? खरं असतं ते सगळ्यांचं असतं. आणि तुम्हाला एवढं करायची तरी काय गरज आहे? समितीसमोर गालातून एक काडी फिरवा, दोन मिनिटांत स्लाइड करा, दाखवा त्यांना ठिपके. तोंडं बंद होतील."

"आणि मग ते काय विचारतील?"

"काय विचारणार?"

बाई मेथीची पानं खुडत राहिल्या. आणि मग माझं मलाच ऐकू आलं. ही बाईंची नसेल, तर मग ती कुणाची होती? हे विचारतील.

"पण तिचं तर नुसतं स्टेनिंग..."

"रंग नीट बसला व्हता," आतल्या दारातून रंजना म्हणाली. ती केव्हापासून तिथे उभी होती, मला माहीत नाही. "मी पॉलिश लावायच्या आधी तीनदा पाह्यला."

"रंजना, तू आत जा," बाई म्हणाल्या.

"नाय बाई. हिला आता अर्धं कळलंय. अर्धं लय वाईट."

ती माझ्यासमोर येऊन बसली, मेथीच्या पलीकडे, आणि तिने सांगितलं. तिला पाळी कधी आलीच नव्हती. आईने नवस केले, वैद्य केले, शेवटी गप्प बसली. हॉस्टेलवर आल्यावर बाईंच्या लक्षात आलं. बाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मग मुंबईला. तिथे कळलं की शरीर मुलीचं, वाढ मुलीची, पण पेशींमध्ये गुणसूत्रं मुलाची, एक्स आणि वाय. अशी माणसं जन्माला येतात. आजारी नसतात. पाळी येत नाही, मूल होत नाही, बाकी काही होत नाही.

"घरी ठाऊक नाय. आईला निम्मं ठाऊक हाय. चुलत्यांना कळलं तर मला दुसऱ्या दिवशी घरी नेतील. मग बागंतबी येऊ देणार नायत, कॉलेज तर लांबच. बाई घरी येऊन बोलल्या म्हणून एमएस्सीपर्यंत लग्नाचं काढणार नाय म्हणलेत." तिने मेथीची एक काडी उचलली. "बाईंनी सांगितलं व्हतं, त्या दिवशी ताप आला म्हण, खोलीतच थांब. मीच आले. मला बघायचं व्हतं."

"काय?"

"कसं दिसतं ते. समदे कागदावर सांगत व्हते. मला डोळ्यांनी बघायचं व्हतं."

मी तिच्या नखांकडे बघत होते. पॉलिश खरवडून काढलेलं होतं.

इथे थांबून एक सांगते. हे लिहून झाल्यावर मी आधी रंजनाकडे गेले आणि तिला वाचून दाखवलं. ती आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते. रंजना हे तिचं नाव नव्हे. मी म्हटलं, गावही बदलते. ती म्हणाली, "निफाड राहू दे. द्राक्षं लावणारं एकच घर हाय का तिथं?" मग म्हणाली, "आणि छाप. पण मला बिचारी करू नको." म्हणून मी तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही घातलेलं नाही. ते नव्हतंच.

समितीने दोन दिवसांनी मला बोलावलं. वर्गातली मीच पहिली ओरडले होते, म्हणून साक्षीदारही मीच. प्राचार्य, संस्थेचे एक वयस्क सभासद आणि केमिस्ट्रीच्या एक मॅडम. बाई बाजूला खुर्चीवर बसलेल्या, हेल्मेट मांडीवर. मी आयुष्यात कधी चौकशीत खोटं बोलले नव्हते. आमच्या घरात वडिलांनी शिकवलेली पहिली गोष्ट ती, की चौकशीत खोटं बोलणारा कामगार सगळ्यांना बुडवतो.

"ती स्लाइड कुणाची होती?" प्राचार्यांनी विचारलं.

"बाईंची."

"पण तू तर त्या मुलीचं नाव घेतलंस. निफाडच्या."

"हो."

"का?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला एकच खरी गोष्ट आठवली आणि मी ती सांगून टाकली.

"जळत होते मी तिच्यावर. बाई तिला किल्ली देतात, मुंबईला नेतात, मला काही देत नाहीत. ती स्लाइड बिघडलेली दिसली आणि मला तिची फजिती करायची होती. म्हणून तिचं नाव ठोकून दिलं."

सभासद खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "हं," ते मॅडमकडे बघून म्हणाले, "मुलींचं हे असतंच." मॅडमनी मान हलवली. प्राचार्यांनी लिहून घेतलं. माझ्या सगळ्या पत्रकांवर, सगळ्या भाषणांवर आजवर कुणी इतक्या लवकर विश्वास ठेवला नव्हता. बायका एकमेकींवर जळतात, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मी त्यांच्या त्या समजुतीला हातभार लावला आणि रंजना सुटली.

बाई सुटल्या नाहीत. त्यांनी सर्टिफिकेट दिलं नाही. रेक्टरपद काढून घेतलं, क्वार्टर आठ दिवसांत रिकामं करायला लावलं, मुलींची प्रॅक्टिकल्स दुसऱ्या मॅडमकडे गेली. थिअरीचे तास तेवढे राहिले. गालाच्या पेशींचा तो प्रयोग आमच्या कॉलेजातून कायमचा बंद झाला. सामान हलवायच्या दिवशी रंजनाने टेम्पो आणला होता. मी गोगलगायींची बरणी उचलायला गेले, तर तिने ती आधीच मांडीवर घेतली होती.

बाई राहायला आल्या त्या इंदिरानगरात. आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत, दोन खोल्यांत. मी कितीदा बोलावूनही न आलेली बाई आता मला रोज भाजीच्या गाडीशी दिसायला लागली. मी त्यांच्याकडे जाऊ लागले. वर्षं गेली. रंजना एमएस्सी झाली, नोकरीला लागली. तिची पत्रं बाईंच्या उशाशी असायची. मी लिहायला लागले, माझे लेख बाई वाचायच्या आणि विशेषणं खोडायच्या.

एका रविवारी मी त्यांच्याकडे बसले होते. बाई रिटायर होऊन महिना झाला असेल. संस्थेने निरोप समारंभ ठेवला नव्हता. त्या खुर्चीत बसून पायाला तेल लावत होत्या. इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न मी विचारून टाकला.

"बाई, ती स्लाइड माझी असती तर?"

"तर काय?"

"तर तुम्ही म्हणाला असता का, माझी आहे म्हणून?"

बाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "तुझी असती तर तू स्वतःच ओरडून सांगितलं असतंस. टेबलावर चढून."

मी हसले. त्याही हसल्या. पण मी जागची हलले नाही, आणि त्यांना कळलं की मी खरंच विचारते आहे.

"अगं, मग तुला टेबलावरून खाली उतरवायला आले असते," त्या म्हणाल्या. "यायलाच लागलं असतं. तू पडली असतीस."

त्यांनी पुन्हा वाटी उचलली आणि दुसरा पाय पुढे घेतला. मी वाटी त्यांच्या हातून घेतली आणि त्यांच्या टाचेला तेल लावायला लागले. त्यांनी लावू दिलं.

ते उत्तर खरं होतं की समजूत काढणं होतं, मी पुष्कळदा पारखून पाहिलं. खरं असावं. बाई समजूत काढणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण रंजनाला हे कधी विचारावं लागलं नाही. हेवा वाटतो तो त्याचाच.